राज्याची नाडी कोठे पाहावी?

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्याच्या टपालात बडोदे आणि इंदूर येथून आलेली पाच पत्रे जवळपास एकाच विषयावरची आहेत. एकाच उजव्या, परंपरावादी विचारसरणीच्या पक्षाकडे अनेक वर्षे सत्ता असलेल्या राज्याची आर्थिक स्थिती कशी जोखावी, हा तो विषय. म्हणून या वेळी इतर प्रश्न बाजूला ठेवून ही पाचही पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मी वीज मंडळातून निवृत्त झालो असून दांडिया बाजारात राहतो. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. दिवाळीला तो घरी आला की आमचा हाच वाद होतो. मी म्हणतो, १९९५ पासून मधले दीड वर्ष सोडले तर गुजरातेत एकाच पक्षाचे सरकार आहे आणि तेवढ्या काळात राज्य कोठल्या कोठे गेले. तो म्हणतो, कारखाने वाढले हे खरे, पण माणसांचे काय? आम्हा दोघांत बरोबर कोण, आणि हे ठरवायचे कसे?
(एक वाचक, बडोदे)

उत्तर : आपण आणि आपले चिरंजीव एकाच राज्याकडे पाहत असलात तरी मोजत आहात त्या गोष्टी वेगळ्या आहेत. राज्यात किती पिकते आणि किती तयार होते, हे आपण पाहता. त्यातले घराघरात किती पोहोचते, हे ते विचारतात. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मात्र एकाचे उत्तर दुसऱ्याच्या तोंडावर फेकले की वाद दिवाळीपासून दिवाळीपर्यंत चालत राहतो.

सुरुवात वारशापासून करावी, कारण कोणत्याही सरकारला पाटी कोरी मिळत नाही आणि आपल्या बडोद्याला तर ती कधीच कोरी नव्हती. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये ते सर्व संस्थानाला लागू केले. बँक ऑफ बडोदा १९०८ ची, ॲलेम्बिक या औषध कंपनीचा येथील कारखाना त्याच सुमाराचा. राज्य स्थापन झाल्यावर १९६२ मध्ये औद्योगिक वसाहती उभारणारे महामंडळ आले, १९६५ मध्ये सोव्हिएत साहाय्याने कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला, पाठोपाठ खत कारखाना आणि १९६९ मध्ये इंडियन पेट्रोकेमिकल्स. हे सारे १९९५ च्या पुष्कळ आधीचे आहे आणि त्यातले बरेचसे सरकारी भांडवलावर उभे राहिलेले आहे. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने सप्टेंबर २०२४ मध्ये राज्यांच्या साठ वर्षांच्या वाटचालीचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यानुसार १९६०-६१ मध्येच गुजरातचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीच्या ११८.३ टक्के होते. म्हणजे राज्य जन्मले तेच सरासरीच्या वरच्या पायरीवर.

तरीही आपला मुद्दा त्यामुळे खोटा ठरत नाही. त्याच अभ्यासाप्रमाणे देशाच्या एकूण उत्पादनातला गुजरातचा वाटा १९६०-६१ मध्ये ५.८ टक्के आणि २०००-०१ मध्ये ६.४ टक्के होता. चाळीस वर्षांत तो फारसा हलला नव्हता. २०२२-२३ मध्ये तो ८.१ टक्क्यांवर गेला, आणि २०२३-२४ मध्ये दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीच्या १६०.७ टक्के झाले. गेल्या दोन दशकांत राज्याने खरोखर झेप घेतली आहे. मात्र याच काळात तमिळनाडू १७१ टक्क्यांवर आणि कर्नाटक १८० टक्क्यांवर पोहोचले. त्या राज्यांत सरकारे आलटून पालटून वेगवेगळ्या पक्षांची आली. तेव्हा झेपेचे सगळे श्रेय सत्तेच्या सातत्याला देता येत नाही. १९९१ नंतर परवाना पद्धत सैल झाली तेव्हा ज्यांच्याकडे बंदरे, कारखानदारी किंवा शिकलेले मनुष्यबळ आधीपासून होते, ती सारीच राज्ये पुढे सरकली, आणि गुजरातला तर किनारा, व्यापारी परंपरा आणि रसायन उद्योग हे तिन्ही हाताशी होते.

आता चिरंजीवांच्या प्रश्नाकडे वळतो, कारण या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग मला तोच वाटतो. राज्याचे उत्पन्न मोजताना ते जेथे निर्माण होते तेथे धरले जाते, ते अखेर कोणाच्या हातात पडते हे त्या आकड्यात दिसत नाही. जामनगरच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघणारे मूल्य गुजरातच्या खात्यात पडते, मग त्यांचा नफा ज्या भागधारकांना मिळतो ते मुंबईत राहोत की परदेशात. असे कारखाने प्रचंड भांडवल आणि तुलनेने थोडी माणसे लावून चालतात. म्हणून राज्य श्रीमंत आहे का, या प्रश्नाबरोबर राज्यातली कुटुंबे खर्च किती करतात हा प्रश्न विचारावाच लागतो, आणि त्याचे उत्तर केंद्राच्या घरगुती उपभोग खर्चाच्या पाहणीत मिळते. २०२२-२३ च्या पाहणीत गुजरातच्या खेड्यांतला दरडोई मासिक खर्च ३,७९८ रुपये आहे आणि देशाची ग्रामीण सरासरी ३,७७३ रुपये. शहरांत गुजरात ६,६२१ आणि देश ६,४५९. हे आकडे मी प्रथम वाचले तेव्हा तक्ता चुकीचा तर पाहत नाही ना, म्हणून पुन्हा पडताळून पाहिला होता. उत्पादनात जे राज्य देशाच्या सरासरीच्या दीडपटीहून वर आहे, त्याच्या खेड्यातल्या घराचा खर्च देशाच्या सरासरीहून अवघा पंचवीस रुपयांनी जास्त आहे. तमिळनाडूच्या खेड्यात हाच खर्च ५,३१० रुपये आहे आणि केरळात ५,९२४.

यावर काही आक्षेप घेता येतात आणि ते रास्त आहेत. गुजराती कुटुंबे बचत अधिक करतात, श्रीमंत घरे अशा पाहण्यांत आपला खर्च पुरता सांगत नाहीत, आणि दारूबंदीमुळे त्या बाबीवरचा खर्च कोणी उघड नोंदवणार नाही. परंतु खेड्यातल्या शेतमजुराच्या बाबतीत हे आक्षेप टिकत नाहीत, कारण त्याच्याकडे बचत करायला उरतेच थोडे. रिझर्व्ह बँकेच्या संकलनानुसार २०२२-२३ मध्ये ग्रामीण शेतमजुराची रोजची मजुरी देशात सरासरी ३४५ रुपये ७० पैसे होती. गुजरातेत ती होती २४१ रुपये ९० पैसे. मोठ्या राज्यांत याहून कमी मजुरी फक्त मध्य प्रदेशात होती. खर्च आणि मजुरी या दोन वेगळ्या मार्गांनी आलेल्या आकड्यांचा रोख एकाच दिशेला असला की त्यांच्यावर विश्वास ठेवावा असे माझे मत आहे.

तिसरी गोष्ट मुलांच्या उंचीची आणि वजनाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत गुजरातेत पाच वर्षांखालील ३९ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली, देशात हे प्रमाण ३५.५ टक्के होते. कमी वजनाची मुले गुजरातेत ३९.७ टक्के, देशात ३२.१ टक्के. करोनामुळे असे झाले असेल, असे कोणी म्हणेल. परंतु गुजरातमधले या फेरीचे काम जून ते नोव्हेंबर २०१९ मध्ये, साथ येण्यापूर्वीच संपले होते. मागे पाहिले तर २००५-०६ मध्ये गुजरातेत उंची खुंटलेल्या मुलांचे प्रमाण ५१.७ टक्के होते, २०१५-१६ मध्ये ते ३८.५ वर आले आणि पुढे तेथेच थांबले. म्हणजे पहिल्या दहा वर्षांतली सुधारणा मोठी होती आणि तिची नोंद आपण अवश्य घ्यावी. नंतर ती का थांबली, हे सरकारला विचारण्याचा हक्क मात्र चिरंजीवांना आहे.

सत्ता दीर्घकाळ एका हाती राहिली की जबाबदारीचा हिशेब बदलतो. सत्तेवर येऊन पाच वर्षे झालेले सरकार वारशाकडे बोट दाखवू शकते. पण २०१९ मध्ये ज्या मुलांची मापे घेतली गेली, त्यांतल्या कित्येकांच्या आयाही १९९५ च्या आगेमागेच जन्मलेल्या. आईचे बालपण, तिची शाळा, तिचे लग्नाचे वय, गरोदरपणातला तिचा आहार आणि मग तिचे मूल, एवढा सारा काळ बहुतांशी एकाच पक्षाच्या कारभारात गेला आहे. तेथे वारसा पुढे करता येत नाही, कारण ज्याला आता वारसा म्हणायचे तो त्याच पक्षाने मागे ठेवलेला आहे. दीर्घ सत्तेला जे श्रेय द्यायचे ते याच न्यायाने द्यावे, आणि जी उणीव दाखवायची तीही याच न्यायाने.

ते श्रेय कोठे द्यावे, हे आपल्या नोकरीतूनच आपल्याला ठाऊक आहे. तोट्यात बुडालेल्या विद्युत मंडळाचे २००५ मध्ये निर्मिती, वहन आणि वितरण असे वेगळे भाग केले गेले. त्याआधी २००३ मध्ये सुरू झालेल्या ज्योतिग्राम योजनेने गावठाणाची वीजवाहिनी शेतीपंपांच्या वाहिनीपासून वेगळी केली. गावाला चोवीस तास वीज आणि शेतीला ठरलेल्या तासांची तीन फेजची वीज, असे वाटप झाले. शेतकऱ्यांचा रोष मोठा होता, सत्ताधाऱ्यांच्याच परिवारातली किसान संघटना वीजदरांविरुद्ध रस्त्यावर उतरली होती. पुढच्या निवडणुकीची धास्ती असलेले सरकार अशा वेळी माघार घेते. येथे वाहिन्या वेगळ्या करण्याचे काम थांबवले गेले नाही, आणि गुजरातच्या वितरण कंपन्या केंद्राच्या मूल्यमापनात वर्षानुवर्षे वरच्या श्रेणीत राहिल्या. सत्ता स्थिर असली म्हणजे अवघड काम पूर्ण करता येते, याचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे आढळत नाही. म्हणूनच पुढचा प्रश्न अधिक टोचतो : विजेच्या तारेसाठी जी चिकाटी दाखवली गेली, ती अंगणवाडीच्या ताटासाठी का दाखवली गेली नाही?

प्रश्न : मी बँकेत तेहतीस वर्षे काढली. कर्ज किती आणि परतफेड कशी, यावर मी खातेदाराची पत ओळखत असे. गुजरातवर इतर राज्यांपेक्षा कर्ज कमी आहे, मग त्याची आर्थिक प्रकृती उत्तम आहे असे म्हणायला काय हरकत आहे?
(एक वाचक, रावपुरा, बडोदे)

उत्तर : पत उत्तम आहे असे म्हणायला काहीच हरकत नाही. अलीकडच्या वर्षांत गुजरातचे कर्ज राज्य उत्पादनाच्या वीस टक्क्यांच्या खाली आहे आणि पंजाबचे चाळीस टक्क्यांच्या वर. महामारीचे २०२०-२१ हे वर्ष वगळता राज्याचा महसुली खर्च साधारणपणे महसुलाच्या आत राहिला आहे. तेही दारूबंदीमुळे मद्यावरचे उत्पादन शुल्क जवळजवळ शून्य असताना, हे ध्यानात घेतले म्हणजे शिस्त अधिकच उठून दिसते.

परंतु आपणच जाणता, खातेदाराची वही पाहताना त्याने कोणते खर्च टाळले आहेत हेही पाहावे लागते. घराचे छप्पर गळत असताना दुरुस्ती पुढे ढकलून हप्ते वेळेवर भरणाऱ्याची पत चांगली दिसते. गुजरातेत शिक्षकांसह पुष्कळ सरकारी नोकरांना पहिली पाच वर्षे ‘फिक्स पगारा’वर, म्हणजे पूर्ण वेतनश्रेणीऐवजी ठरावीक ठोक रकमेवर, काढावी लागतात. त्यातून तिजोरी वाचते, पण वाचलेला पैसा एका तरुण शिक्षकाच्या घरातून आलेला असतो. दुसरे असे की काही जोखीम अर्थसंकल्पाबाहेर, सरकारी कंपन्यांच्या वह्यांत असते. राज्याच्या पेट्रोलियम महामंडळाने २००५ मध्ये कृष्णा-गोदावरी खोऱ्यात वीस ट्रिलियन घनफूट वायू सापडल्याचे जाहीर केले. अपेक्षेच्या मानाने उत्पादन नगण्य झाले, हजारो कोटींचे कर्ज चढले आणि अखेर त्या क्षेत्रातला ८० टक्के हिस्सा ओएनजीसी या केंद्र सरकारच्या कंपनीने घेतला. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी या व्यवहारावर कडक ताशेरे ओढले. राज्याच्या कर्जाच्या ठळक आकड्यात यातले काहीच दिसले नसते. म्हणून आपल्या पद्धतीनेच, पण संलग्न खात्यांसह हिशेब पाहावा.

प्रश्न : आमच्याकडे मध्य प्रदेशात डिसेंबर २००३ पासून, मधले सव्वा वर्ष वगळता, तोच पक्ष सत्तेवर आहे. मागास राज्यांच्या यादीतून आम्ही बाहेर पडलो असे सांगितले जाते. बडोद्याच्या नातेवाइकांकडे गेले की मात्र आमचे राज्य अजून फार मागे आहे असे वाटते. आमची तुलना गुजरातशी करावी की आमच्याच जुन्या स्थितीशी?
(एक वाचिका, इंदूर)

उत्तर : दोन्हींशी करावी, आणि दोन्ही उत्तरे एकमेकांपासून वेगळी ठेवावीत. रस्ते, कारखाने आणि पगार यांच्या तुलनेत आपल्याला बडोदे पुढे दिसते, आणि ते पुढे आहेच. आर्थिक सल्लागार परिषदेच्या वर सांगितलेल्या अभ्यासात मध्य प्रदेशाचे दरडोई उत्पन्न २०२३-२४ मध्येही देशाच्या सरासरीच्या ७७.४ टक्केच आहे. पण २०१०-११ मध्ये ते ६०.१ टक्के होते. तेरा वर्षांत एवढे अंतर कापणे सोपे नाही. नर्मदेच्या पाण्याचे सिंचन, शेतीच्या हंगामात मिळू लागलेली वीज आणि गव्हाच्या सरकारी खरेदीचे वाढते जाळे यांचा त्यात मोठा हात आहे. माळव्यातल्या कोणत्याही शेतकरी कुटुंबाला विचारले तर ते हेच सांगेल.

नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्याच्या, म्हणजे आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांतल्या उणिवांच्या, मोजमापात मध्य प्रदेशात गरीब ठरलेल्या लोकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३६.५७ टक्के होते, २०१९-२१ मध्ये ते २०.६३ वर आले. मुलांच्या पोषणात तर चित्र उलटेच दिसते. उंची खुंटलेल्या मुलांचे प्रमाण त्याच काळात ४२ टक्क्यांवरून ३५.७ वर आले, म्हणजे श्रीमंत गुजरातच्या ३९ टक्क्यांपेक्षा कमी. कमी वजनाची मुलेही मध्य प्रदेशात ३३ टक्के आणि गुजरातेत ३९.७ टक्के. विचारसरणी एक, पक्ष एक, दोन्हीकडे सत्ता दीर्घकाळची, आणि तरी गरीब राज्याची मुले श्रीमंत राज्याच्या मुलांपेक्षा किंचित बरी वाढत आहेत. यावरून मला इतके तरी नक्की दिसते की पक्षाच्या नावावरून राज्याच्या प्रकृतीचे निदान करणे व्यर्थ आहे.

आपल्या राज्याला एवढ्यावर समाधान मानता येणार नाही, कारण नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० च्या आकड्यांत दर हजार जिवंत जन्मांमागे अर्भकमृत्यू गुजरातेत २३ आहेत आणि मध्य प्रदेशात ४३. हा फरक दवाखाने, रस्ते आणि प्रशिक्षित सुईणी यांचा आहे. केंद्रीय करांच्या वाटपात पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या वाट्यातला ७.८५ टक्के भाग मध्य प्रदेशाला आणि ३.४७८ टक्के गुजरातला दिला. दोन्ही राज्यांच्या लोकसंख्येत एवढा फरक नाही. गरीब राज्याला अधिक मिळावे हे न्याय्यच आहे, मात्र तो पैसा बाळंतपणाच्या खोलीपर्यंत पोहोचतो का, हे इंदुरात बसून आपण विचारले पाहिजे.

एका बाबतीत मात्र विचारसरणी थेट ताटापर्यंत येते, आणि ती टाळून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. २०१५ मध्ये अंगणवाडीत अंडी देण्याचा प्रस्ताव आपल्या राज्याच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी नाकारला. गुजरातच्या शालेय आहारातही अंडे नाही. ज्या आदिवासी पट्ट्यात कुपोषण सर्वाधिक आहे, तेथील बहुसंख्य कुटुंबे परंपरेने अंडी-मांस खाणारी आहेत. ज्यांच्या घरी अंडे वर्ज्य नाही त्या मुलांना ते शाळेत न देण्याचा निर्णय धार्मिक भावनेपोटी झाला असेल, त्याची किंमत मात्र मुलांच्या हाडामांसाने दिली आहे. त्याऐवजी दूध, डाळ, शेंगदाणे पुरेसे दिले असते तरी माझा आक्षेप सौम्य झाला असता.

प्रश्न : दीर्घ सत्तेचे दोष दाखवताना आपण पश्चिम बंगालचे नाव का घेत नाही? तेथे डाव्यांचे राज्य चौतीस वर्षे होते.
(एक वाचक, बडोदे)

उत्तर : जरूर घ्यावे, आणि मापही तेच लावावे. देशाच्या उत्पादनातला बंगालचा वाटा १९६०-६१ मध्ये १०.५ टक्के होता, २०२३-२४ मध्ये तो ५.६ टक्के उरला. दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीच्या १२७.५ टक्क्यांवरून ८३.७ टक्क्यांवर आले. ही घसरण १९७७ मध्ये डावे सत्तेवर येण्याच्या आधी सुरू झाली होती. कोळसा आणि पोलाद यांचे रेल्वेभाडे देशभर समान ठेवण्याच्या केंद्राच्या धोरणाने बंगालच्या कारखान्यांचा नैसर्गिक फायदा गेला होता. पण एवढी वर्षे सत्तेवर राहून ती थांबवता आली नाही, याची जबाबदारी डाव्या आघाडीवरच येते. गुजरातेत वारशाचा लाभ सत्ताधाऱ्यांच्या खात्यातून वजा करायचा असेल, तर बंगालमध्ये वारशाचा तोटाही तसाच वजा करावा लागेल. त्यानंतर जे उरेल त्याचे उत्तर मात्र दोघांनी आपापले द्यावे.

प्रश्न : मी महाराजा सयाजीराव विद्यापीठात अर्थशास्त्रात एम. ए. करते. २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणात गुजरातचा बेरोजगारी दर १.१ टक्के आहे, केरळचा ७.२. वर्गात यावर चर्चा झाली तेव्हा अनेकांचे मत पडले की यावरून गुजरातची अर्थव्यवस्था अधिक निरोगी ठरते. आपले मत काय? आणि राज्याची स्थिती पाहायची तर मी सुरुवात कोठून करावी?
(एक विद्यार्थिनी, बडोदे)

उत्तर : आकडा खरा आहे, त्याचा लावलेला अर्थ मात्र मला पटत नाही. या सर्वेक्षणाच्या नेहमीच्या व्याख्येत वर्षभरात तीस दिवस काम केलेली व्यक्तीही रोजगारात धरली जाते, आणि घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी हातभार लावणारीही. त्याच वर्षी मध्य प्रदेशाचा दर १.० टक्का होता. मजुरीचा तक्ता शेजारी ठेवून पाहा : सर्वांत कमी बेरोजगारी असलेल्या या दोन मोठ्या राज्यांतच शेतमजुराची मजुरी सर्वांत कमी आहे, आणि बेरोजगारी जास्त असलेल्या केरळात ती ७६४ रुपये. मनासारखे काम मिळेपर्यंत घरी थांबायला घरात चूल पेटती असावी लागते. केरळातला पदवीधर थांबू शकतो, दाहोदचा मजूर थांबू शकत नाही.

त्याला पाहायला आपल्याला लांब जावे लागणार नाही. बडोद्याच्या कोणत्याही कडियानाक्यावर, म्हणजे बांधकाम मजूर रोजच्या कामासाठी जमतात त्या चौकात, सकाळी आठ वाजता उभ्या राहा. दाहोद, पंचमहाल, छोटा उदेपूर आणि पलीकडच्या झाबुआहून आलेली जोडपी हातात घमेले आणि कडेवर मूल घेऊन मुकादमाची वाट पाहत असतात. त्यांच्यापैकी बहुतेकांची नोंद रोजगारात असलेले अशीच होईल. सरकार त्यांना पाच रुपयांत जेवणाचा डबा देते, आणि ती योजना चांगली आहे. पण बांधकामाच्या जागेवर पत्र्याच्या आडोशाला राहणाऱ्या मुलाची गावच्या अंगणवाडीत हजेरी लागत नाही आणि शहरातल्या अंगणवाडीत त्याचे नाव नसते. गुजरातच्या पोषणाचे आकडे का थांबले, याचे एक मोठे कारण मला या नाक्यावर दिसते. दर हंगामाला स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाच्या मुलाला जेथे असेल तेथे आहार मिळण्याची सोय ज्या दिवशी होईल, त्या दिवशी ते आकडे हलू लागतील असे माझे मत आहे.

सुरुवात कोठून करावी, तर गुंतवणूक परिषदेतल्या सामंजस्य करारांच्या रकमांपासून मुळीच नाही, कारण करार म्हणजे केवळ इरादा. राज्याने स्वतः छापलेल्या पुस्तिकाही नंतर वाचाव्यात. दीर्घकाळ सत्तेत असलेल्या कोणत्याही सरकारच्या पुस्तिका त्याच्या स्वतःच्या जुन्या आकड्यांशीच तुलना करतात आणि शेजारी राज्याचा स्तंभ गाळतात. राष्ट्रीय पाहण्या घ्याव्यात, प्रत्येक आकड्याशेजारी महाराष्ट्र, तमिळनाडू आणि देशाची सरासरी लिहावी, आणि पाहणीचे काम कोणत्या महिन्यांत झाले ते आधी पाहावे. नीती आयोगाच्या दारिद्र्याच्या मोजमापात गुजरात ११.६६ टक्क्यांवर आणि देश १४.९६ वर आहे असे वाचले की समाधान वाटते. महाराष्ट्राचे ७.८१ आणि तमिळनाडूचे २.२० शेजारी लिहिले की त्याच आकड्याचा अर्थ बदलतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची जिल्हानिहाय पत्रके मिळतात, आणि माझा आग्रह असा की आपण राज्याचे पत्रक उघडण्याआधी दोन जिल्ह्यांची उघडावीत : वडोदरा आणि दाहोद. रेल्वेने दोन-अडीच तासांचे अंतर आहे. दोन्ही पत्रके शेजारी ठेवून मातांचे शिक्षण, लग्नाचे वय, रक्तक्षय आणि मुलांचे वजन या चार ओळी आधी वाचा. मग एखाद्या सकाळी कडियानाक्यावर जा, आणि तेथे उभ्या असलेल्या आयांना त्यांच्या मुलाचे शेवटचे वजन कधी आणि कोठे झाले ते विचारा. आपल्याला काय उत्तर मिळाले, ते या सदराला जरूर कळवावे.